बिनचेहऱ्याचा बडग्या

मी जन्माची संशयी. दूधवाल्याने दूध पातळ दिलं तर मला शंका येते आणि घट्ट दिलं तर जास्तच येते. गल्लीतली पोरं पाठीमागे माझी नक्कल करायची ती एकाच शब्दाची, "काहून?" मला पाहायला आलेल्या स्थळांनाही मी तोच प्रश्न विचारला. एकाने चांगली लागलेली नोकरी वर्षात सोडली होती, काहून? दुसऱ्याने ठरलेला साखरपुडा मोडला होता, काहून? स्थळं चहा पिऊन परत गेली आणि मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसले ती निवृत्त होईपर्यंत.

त्या खुर्चीने माझा स्वभाव सुधारला नाही. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. दोन माणसं जोडून द्यायची, दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय एवढी खात्री करायची आणि बाजूला व्हायचं, असा नियम. पण तेवढ्या दोन वाक्यांतही माणूस खरं बोलतोय की नाही ते कळतं, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी वर्ध्याहून परदेशचा कॉल आला. तेव्हा वर्ध्याच्या माणसाला बाहेरदेशी बोलायचं तर कॉल आधी आमच्याकडे यायचा, आम्ही तो मुंबईला द्यायचो आणि मुंबई पुढे. मी मुंबई जोडली, बऱ्याच खरखरीनंतर पलीकडून एका बाईचा आवाज आला, आणि वर्ध्याकडून "हॅलो" ऐकल्याबरोबर माझा हात होता तिथेच राहिला. तो आवाज आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा होता. सकाळी जिना उतरताना त्याने मला सांगितलं होतं की आज दिवसभर तो कॉलेजच्या लायब्ररीत बसणार आहे.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे, कोष्ट्यांच्या गल्लीत. वडील गेल्यापासून मी काका-काकूंकडेच राहायची. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा होता, पण माग कधीच उठला होता. खड्ड्यावर फळ्या टाकून आम्ही बसायची जागा केली होती. काका गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात नोकरीला लागले होते. दुसऱ्याने विणलेलं लुगडं दिवसभर गिऱ्हाईकापुढे उलगडायचं, याचा त्यांना राग होता, पण तो राग ते घरी आणत नसत.

भाडेकरू पश्चिमेकडच्या एका देशातला होता. तेलाचा देश, बादशहाचा देश. नाव मी इथे लिहिणार नाही. काहून, ते शेवटी सांगेन. वय पंचविशीच्या पुढचं, शिकायला आलेला, अंगाने उंच, बोलायला हळू. मराठी तो काकूंकडून शिकला, म्हणून "मला" न म्हणता "मले" म्हणायचा, आणि काकूंना याचं फार कौतुक होतं. मला कौतुक नव्हतं. त्याच्या देशातली सगळी मुलं धरमपेठेत राहत, कॉलेजजवळ, एकत्र स्वयंपाक करत. हा एकटाच रेल्वेलाइन ओलांडून कोष्ट्यांच्या गल्लीत आला. काहून? भेटायला कोणी येत नसे. कॉलेजातून घरी येताना रोज रस्ता बदलायचा. आणि फोटोवाला दिसला की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. शेजारच्या लग्नात तो तीनदा वाकला, मी पाहिलं. बूट मात्र भारी होते, तिकडचे, तपकिरी, चौकोनी टोकाचे. वाकून वाकून, ओढून ओढून एका बुटाची नाडी तुटली, तेव्हा काकांनी जुन्या ताण्याचं लाल सूत पिळून त्याला नाडी करून दिली. ती तो मोठ्या अभिमानाने वापरायचा.

थंडीतली एक गोष्ट मी मनात धरून ठेवली होती. काकूंनी मटणाचा रस्सा केला होता, आमच्या पद्धतीचा, भिवापुरी मिरचीचा. तो वाटी तोंडाला लावताच डोळ्यांतून धारा. काकू म्हणाल्या, राहू दे बाबा, तुले नाही सोसाचं. त्याने मान हलवली आणि पुन्हा वाटी पुढे केली. पुन्हा धारा, पुन्हा वाटी. मिरचीने कोणी एवढं रडत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आता वर्ध्याच्या कॉलनंतर माझी खात्रीच झाली की हा कसल्या तरी भानगडीत आहे.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसूनच होते. विचारलं, "वर्ध्याले काहून गेला होता?"

त्याचा चेहरा उतरला. तुला कोणी सांगितलं, हे त्याने तीन वेळा विचारलं. तुझा फोन माझ्या हातून पुढे गेला, असं मी म्हटल्यावर तो पायरीवर बसला. मग म्हणाला, तू ऐकलंस? आवाज ऐकला, म्हटलं. भाषा कुठे मला येते? तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. संशयाने कोणी माझ्याकडे एवढं निरखून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग त्याने आत येऊन, खिडकी लावून, काका-काकूंसमोर सांगितलं. त्याचा मोठा भाऊ तिकडे मास्तर होता. कॉलेजातल्या एका सभेत बोलला म्हणून उचलला, खटला नाही, सुनावणी नाही. आईला भेट मिळाली ती थंडीत. तुरुंगात त्याच्या तळपायांवर मारलं होतं, इतकं की तो भिंत धरून आला. ती बातमी ज्या दिवशी कळली त्या दिवशी काकूंनी रस्सा केला होता. चारचौघांत रडायला कारण मिळालं म्हणून तो वाटी पुढे करत राहिला. काकूंनी हे ऐकलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पायातले बूट भावाचे होते. "त्याच्या पायात आता कोणतेच बूट जात नाही," तो म्हणाला.

धरमपेठेत राहणाऱ्यांपैकी कोणीतरी एक जण इकडच्या बातम्या तिकडे पुरवत होता. कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळेच एकमेकांना घाबरत. तारघरातही त्यांच्यातलं कोणी ना कोणी बसलेलं असे, म्हणून आईला फोन करायला तो वर्ध्याला जायचा. दिल्लीत त्याच्या देशाची मुलं मोर्चा काढत तेव्हा डोक्यावर कागदी पिशव्या घालत, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून. कारण फोटो निघायचे, ते तिकडे पोचायचे आणि मग घरच्यांना त्रास व्हायचा. त्याचा पासपोर्ट आता संपत आला होता आणि नवा मिळायची आशा नव्हती. आपल्या सरकारने दिलेल्या राहण्याच्या परवानगीवर सगळी भिस्त होती. ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागे, आणि या वर्षीची मुदत पोळ्यानंतर संपत होती. नाव कुठे आलं, चेहरा कुठे दिसला, तर ती मिळणार नव्हती. मग विमानात बसवून देणार होते आणि पलीकडे त्याला उतरवून घ्यायला माणसं उभी असणार होती.

मला स्वतःची लाज वाटली असं लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. मला हायसं वाटलं. माणूस एवढं लपवतो त्याला कारण होतं, आणि ते मी हुडकून काढलं होतं. राग आला तो दुसऱ्यांचा.

त्या दिवसांत संध्याकाळच्या बातम्यांत त्या देशाचं नाव अधूनमधून यायचं. दरवेळी तेच: सरकार तिथल्या घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे, आणि तो एका मित्रदेशाचा अंतर्गत प्रश्न आहे. लक्ष तर मीही सगळ्या गल्लीवर ठेवून असते. पण शेजारणीचं दूध उतू जाताना दिसलं तर मी उठून गॅस बंद करते, खिडकीतून लक्ष ठेवत नाही.

काकांना वाटलं, दिल्लीला बहुधा नीट माहीत नसेल. आमच्या भागात एक पुढारी होता, आणीबाणीत तुरुंगात बसून आलेला. बाहेरच्या देशांनी आपल्यासाठी तोंड उघडलं नाही, असं तो चौकातल्या प्रत्येक सभेत सांगायचा. काका भाडेकरूचं नाव न घेता त्याच्याकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि आपल्याला तेल कुठून येतं हे समजावून सांगितलं.

काका परत आले ते फळ्यांवर बसले. मग म्हणाले, "मंग बादशहाचा बडग्याच करू."

नागपूरबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, आणि त्यांच्यासोबत गल्लीगल्लीतून बडगे. बडग्या म्हणजे बांबूचा, कागदाचा, चिंध्यांचा पुतळा. ज्याने वर्षभर लोकांना छळलं त्याचा करायचा: महागाईचा, रेशनवाल्याचा, नळाला पाणी न सोडणाऱ्याचा, मंत्र्याचा. गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या, रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा गे मारबत, म्हणत वेशीबाहेर नेऊन जाळायचा. आमच्या गल्लीचा बडग्या काका करायचे. माग गेल्यापासून त्यांची बोटं वर्षातून एकदा सुखात असत ती त्या दिवसांत.

गल्लीची आणखी एक रीत होती. ज्याला छळलं असेल त्याने बडग्याच्या गाडीपुढे चालायचं आणि छळणाऱ्याचं नाव ओरडून घ्यायचं. मागच्या वर्षी नळासाठी भांडलेली एक म्हातारी पुढे होती. ती नंतर महिनाभर खुशीत होती. काकांनी या वर्षी कोणाला पुढे चालवायचं ठरवलं असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांनी ठरवलं, आणि मोठ्या मायेने ते ढोलवाल्यांना सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, वर्तमानपत्रात कामाला असलेल्या एका ओळखीच्यालाही सांगितलं. आमचा पाहुणा या वर्षी पुढे आहे, फोटो घ्यायला ये. ज्या माणसाचा जीव चेहरा लपवण्यावर होता त्याला मान म्हणून मिरवणुकीत पुढे उभं करायचा आमच्या काकांनी घाट घातला. असा घोळ आमच्या गल्लीतच होऊ शकतो.

चार-सहा दिवसांत एक गोड बोलणारा गृहस्थ घरी आला. इस्त्रीची पँट, डोक्यावर टोपी, हातात रुमाल. परदेशी लोकांच्या नोंदी बघणाऱ्या कचेरीतून आलोय म्हणाला. मी ओळखपत्र मागितलं. त्याने दाखवलं. फोटो जुना होता, म्हणून मी त्याला टोपी काढायला लावली. मगच आत घेतलं.

तो काकांशी फार आदराने बोलला. बडग्याची प्रथा फार चांगली, लहानपणी त्याने स्वतः गाडी ओढली आहे. "तुम्ही आपल्या कुठल्याही मंत्र्याचा करा, मी स्वतः बघायला येईन. फक्त मित्रदेशाच्या राजाचा नको. दिल्लीपर्यंत तक्रार जाते हो."

"म्हणजे आपल्या घरच्याले जाळाची मुभा हाये," काका म्हणाले, "आन पाहुण्याच्या फोटोलेही हात नाही लावाचा?"

तो हसला. मुकुट नको, चेहरा नको, एवढंच, म्हणाला. जाता जाता त्याने जिन्याकडे पाहिलं. तुमच्या भाडेकरूंचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, मुलगा हुशार दिसतो, असल्या गोष्टींत तो पडणार नाही याची मला खात्री आहे. मग माझ्याकडे वळून, तुम्ही सरकारी नोकरीत आहात ना, असंही म्हणाला. रुमालाने कपाळ पुसून तो गेला.

वरच्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी गेले तर तो कपडे भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सगळ्यांचे फोन ऐकते. तुले किती दिवस झाले त्या माणसाले ओळखून?"

हे मला फार लागलं. आयुष्यभर मी लोकांना असे प्रश्न विचारत आले होते. खाली जाऊन मी काकांना म्हटलं, वर जा आणि तुम्ही गावभर काय सांगून ठेवलंय ते त्याला तुमच्या तोंडाने सांगा. काका गेले. पुष्कळ वेळाने दोघं खाली आले. काकांचा चेहरा पाहवत नव्हता आणि तो त्यांची समजूत घालत होता. जेवताना त्याने माझ्या पानात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली. मी ती खाल्ली, पण राग आणखी दोन दिवस ठेवला.

बडग्या रद्द करायचा, असं मी म्हटलं. काकूही तेच म्हणाल्या. काका म्हणाले, चेहरा नको ना, नाही ठेवत. पोळ्याला आठवडा राहिला होता. त्यांनी बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर कोट चढवला, सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं ठोकून छातीभर पदकं केली, आणि डोकं झाकायला खाकी कागदाची मोठी पिशवी चिकटवून तिला दोन भोकं पाडली. भाडेकरूने जिन्यातून ते पाहिलं आणि तो धावतच खाली आला.

"हे त्याच्यावर नाही घालाचं," तो म्हणाला. "हा आमचा चेहरा हाये."

एवढ्या मोठ्याने बोलताना आम्ही त्याला कधी ऐकलं नव्हतं. काकांनी पिशवी उतरवली, हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "मंग आमच्या डोक्यावर घातली तर चालन का?"

त्या प्रश्नातून सगळं निघालं. बडग्याला डोकंच ठेवलं नाही. कोटाच्या कॉलरमधून मोकळा बांबू वर आला होता, तेवढंच. त्याचा उजवा हात पुढे केला आणि समोरून दुसरा हात त्याच्या हातात दिला, नुसता हात, पांढऱ्या खादीच्या बाहीतला. हस्तांदोलनाच्या खाली रॉकेलचा डबा टांगला. आपल्या माणसाचा करा म्हणाले होते ना, काका म्हणाले, मग हा आपला. खादीची ती बाही त्यांनी स्वतः शिवली. काकूंनी कढईत खळ शिजवली, पूर्वी ताण्याला लावायला शिजवायच्या तशी, आणि गल्लीतल्या बायकांनी बसून खाकी कागदाच्या पिशव्या चिकटवल्या. गल्लीत जितके पुरुष गाडीबरोबर चालणार होते तितक्या, आणि वर एक.

ती वरची कोणासाठी हे कोणी बोललं नाही. मला वाटलं होतं तो खोलीत कडी लावून बसेल. आदल्या संध्याकाळी मी त्याला तसं स्पष्ट सांगितलंही: परवानगीची मुदत चार दिवसांवर आली आहे, उगाच जीव धोक्यात घालू नको. तो म्हणाला, दोन वर्षांत त्याने भावाचं नाव मोठ्याने घेतलेलं नाही. फोनवरही नाही.

मिरवणूक निघाली तेव्हा मी काकूंबरोबर चौकातल्या एका ओट्यावर उभी होते. बडगे येत होते, लोक हसत होते, शिव्यांना ऊत आला होता. मग आमची गाडी आली आणि हसणं थोडं कमी झालं. बिनडोक्याचा कोट, खादीचा हात, आणि भोवती खाकी पिशव्या घातलेली वीस-पंचवीस माणसं. फोटोवाले पुढे धावले. कोणी वाकलं नाही. मी खाली पायांकडे पाहिलं. चपला, चपला, अनवाणी पाय, आणि मधोमध चौकोनी टोकाचे तपकिरी बूट, एकाला लाल सुताची नाडी. माझा जीव तिथेच अर्धा झाला. मी सगळ्या गावाचं बारीकसारीक बघत बसते आणि हे माझ्याच घरातून निघताना मला दिसलं नव्हतं.

तो ओरडत होता. आमच्या गल्लीचा "घेऊन जा गे" संपला की मध्ये त्याचा आवाज यायचा, त्याच्या भाषेत, एकच नाव पुन्हा पुन्हा. कागदातून येणारा तो आवाज ट्रंक कॉलसारखा लांबचा वाटत होता. बाकीच्यांना अर्थ कळत नव्हता, पण दोन-तीनदा ऐकल्यावर तेही तेच नाव ओरडायला लागले. छळणाऱ्याचं नाव घ्यायचं असतं, यांनी छळलेल्याचं घेतलं. शेजारी काकू रडायला लागल्या. मिरची नव्हती, तरी.

आणि एक सांगायचं राहिलं. गाडीच्या मागे एक जण होता, त्याची पिशवी पांढऱ्या कागदाची होती. आमच्या घरी पांढरी एकही केली नव्हती. पँट इस्त्रीची. धरमपेठेतला भाडेकरूचा कोणी देशबंधू धीर करून आला होता, की बातम्या पुरवणारा होता, की कचेरीतला माणूस? आम्ही गाडीमागून वेशीबाहेर गेलो, पण तिथे बडगे पेटले त्या धुरात तो दिसेनासा झाला. तो कोण, मला आजही माहीत नाही, आणि आजही मला त्याची आठवण आली की चैन पडत नाही.

दोन दिवसांनी रुमालवाला आला. तक्रार आली होती, म्हणाला, त्या देशाच्या लोकांकडून दिल्लीला आणि दिल्लीहून त्याच्याकडे. त्याने एक फोटो काढून फळ्यांवर ठेवला. गाडी, पिशव्या, आणि खाली पाय. त्याचं बोट सावकाश फिरत बुटांवर येऊन थांबलं.

"हे बूट आपल्याकडचे वाटत नाहीत."

"नाहीच," मी म्हटलं. "आमच्या काकांचे आहेत. भाडेकरूने त्यांना देऊन टाकले. तो त्या दिवशी माझ्यासमोर बसून जेवत होता."

त्याने काकांकडे पाहिलं. आमच्या काकांनी जन्मात चपलेशिवाय काही घातलं नव्हतं. पंजा सुपासारखा पसरट, टाचांना भेगा.  काका म्हणाले, "लागते थोडा. पण परदेशी माल हाये गा."

 मग त्याने मला विचारलं, नक्की तुमच्यासमोर जेवत होता? मी म्हटलं, "तुमच्या ओळखपत्रावरही मी विश्वास ठेवला नव्हता. मी कोणासाठी खोटं बोलेन असं वाटते तुम्हाले?" तो हसला. फोटो रुमालात गुंडाळून त्याने खिशात ठेवला. मी लिहितो, म्हणाला, की पुतळ्याला चेहरा नव्हता आणि परदेशी नागरिक सामील नव्हता. वरच्यांना तेवढंच हवं असतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं केलं, की आणखी कोणासाठी आणखी काही लिहिलं, हे मी पुष्कळ वर्षं घोळवत बसले. परवानगी मात्र वाढवून मिळाली.

खोटं टिकवणं काकांच्या पायांवर आलं. ते रोज ते बूट घालून गांधीबागेत जाऊ लागले, कचेरीतलं कोणी दुकानात आलं तर दिसावेत म्हणून. संध्याकाळी काकू गरम पाणी घेऊन बसायच्या. भाडेकरू काकांच्या चपला घालून कॉलेजात जायचा. त्याने एकदा बूट परत मागितले, काकांचे फोड त्याला बघवेनात. काका म्हणाले, तुझ्या भावाले जे लागलं त्याच्यापुढे हे काय हाये.

दीड वर्षाने तिकडची गादी उलटली. तुरुंग उघडले. दिल्लीने जनतेच्या इच्छेचं स्वागत केलं. ते ऐकून मी रेडिओ बंद केला. भाऊ सुटल्याचा फोन या वेळी नागपुरातच आला. निघायच्या दिवशी त्याने स्वतः जाऊन फोटोवाला बोलावून आणला. सगळी गल्ली उभी केली, मधोमध तो, एका बाजूला काका-काकू, एका बाजूला मी. तो वाकला नाही. मान ताठ, चेहरा थेट कॅमेऱ्याकडे, तोंडभर हसू. पायात काकांच्या चपला. बूट काकांनी चकचकीत पॉलिश करून, लाल नाडीसकट, कागदात बांधून त्याच्या हातात दिले होते.

एक पत्र आलं. भावाच्या पायात बूट अजून जात नाहीत, पण तो ते पलंगाखाली ठेवतो, असं लिहिलं होतं. मग काही वर्षांतच वर्तमानपत्रात येऊ लागलं की नव्यांनीही तुरुंग भरायला घेतले, आणि आत जाणारे बरेचसे जुनेच, जुन्यांच्याही वेळी आत असलेले. संध्याकाळच्या बातम्यांत सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून होतं. तेच वाक्य, वाचणारा आवाज तेवढा नवा. मी आमच्याच एक्स्चेंजमधून त्याच्या नंबरवर कॉल लावला. पलीकडे कोणीतरी उचललं. श्वास ऐकू येत होता. मी त्याचं नाव घेतलं, आणि लाइन कट झाली. दोन वाक्यांत माणूस ओळखणारी मी, मला एक शब्दसुद्धा मिळाला नाही. त्यानंतर मी पुन्हा फोन केला नाही. माझ्या फोनने त्याचं आणखी काही होईल अशी भीती वाटली.

काका-काकू आता नाहीत. तो आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणूनच देशाचं नाव लिहिलं नाही. तो असेल, कुठे तरी गल्लीत राहून रस्ते बदलत असेल, तर माझ्या लिहिण्याने त्याच्या दारात कोणी यायला नको.

तो निघायच्या दिवशी काढलेला फोटो देवघरातल्या तसबिरीच्या मागे आहे. मध्यंतरी एक तरुण घरी आला होता, जुन्या मारबतीच्या आठवणी आणि फोटो गोळा करतोय म्हणाला. गल्लीत कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं. मी विचारलं, "काहून?" त्याने उत्तर दिलं, उत्तर चांगलं होतं, मुलगाही चांगला असावा. मी त्याला चहा दिला, बडग्याचं सगळं सांगितलं, खळ कशी शिजवायची तेही सांगितलं. फोटो दिला नाही. त्यात भाडेकरूचा चेहरा उघडा आहे.